मोकळ्या जागेत काय होतं

टोरांटो शहरासमोर, ओंटॅरियो सरोवरात, बेटांचा एक झुबका आहे. धक्क्यावरून फेरीबोटीने पंधराएक मिनिटं. उन्हाळ्यातल्या रविवारी आम्ही मिसिसागाकडची मराठी मंडळी डबे बांधून तिकडे जातो. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, चटया, पोरांसाठी चेंडू. हिरवळ एवढी ऐसपैस की शेजारच्याच्या चटईवर पाय पडत नाही. जुलैतल्या रथयात्रेचा रथ शहरातल्या यंग स्ट्रीटवरून ओढतात आणि पुढचा उत्सव सेंटर आयलंडच्या गवतावर भरतो. तेव्हा मात्र उभं राहायलाही जागा नसते.

‘शहराच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जागा! आपल्याकडे बिल्डरने सोडली असती का?’ असं दर वेळी कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याला माहीत नसतं की १९५०च्या सुमाराला या बेटांवर ६३०च्या आसपास घरं होती आणि ही जागा मोकळी केलेली आहे. त्यातलं काय गेलं, काय वाचलं, काय अजून जाण्याच्या रांगेत आहे, याची ही टिपणं. क्रम लावण्याच्या भानगडीत पडलेलो नाही.

मॅनिटू रोड. सेंटर आयलंडची बाजारपेठ. मॅनिटू आणि पिअर्सन ही दोन हॉटेलं, दुकानं, सिनेमाचं थिएटर, बोलिंग ॲली, नाचाचे हॉल. खासगी मोटारी बेटावर आजही नाहीत; त्यामुळे ही पेठ पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची. आज तिथे कारंजी आणि फुलांचे ताटवे आहेत. बागेतला रस्ता एवढा रुंद आणि नाकासमोर थेट सरोवरापर्यंत का जातो, असा प्रश्न पडला तर उत्तर हे, की तो मुळात बागेचा रस्ता नव्हता.

तंबू. पूर्वेच्या टोकाला, वॉर्ड्स आयलंडवर, वस्ती सुरू झाली ती कापडाची. १८९९च्या उन्हाळ्यात आठ भाडेकरू होते. हंगामाचं भाडं १० डॉलर. तंबू वाढत गेले आणि १९१३ मध्ये नगरपालिकेला गल्ल्या आखून द्याव्या लागल्या. नावं शोधण्याचा उत्साह कुणाला नसावा. फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट करत सिक्स्थ स्ट्रीटपर्यंत गेले आणि थांबले.

तंबूचं घर एका उन्हाळ्यात झालं नाही. आधी खाली फळ्यांची जमीन आली. मग स्वयंपाकाची खोली. मग पडवी. मधला भाग बराच काळ कापडाचाच. कापडाच्या जागी लाकडी भिंती आल्या तेव्हा घर जवळपास झालेलंच होतं, फक्त कुणी ते बांधायला घेतलं होतं असं म्हणता आलं नसतं. आपल्याकडे झोपडीच्या पत्र्याच्या जागी वीट येते ती याच चालीने. फरक एवढाच की इथली माणसं हवा खायला आली होती.

या गल्ल्यांतून आज चालताना घरांची ही जुनी सवय दिसते. एका घराचे दोन-तीन छपरांचे उतार एकमेकांशी जुळत नाहीत. पायरी चढून आत जायचं ते पडवीत, पडवीतून दिवाणखान्यात, तिथून मागे स्वयंपाकघरात. मधे बोळ म्हणून नाहीच. पुढच्या कुंपणाला टेकून हातगाडी. बोटीवरून उतरलेला किराणा, सिलिंडर, कपाट, म्हातारी आई, सगळं या गाडीवरून घरी येतं.

हिवाळा. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही टोरांटोत घरांची फार चणचण होती. उन्हाळी घरांत लोक बारमाही राहू लागले. शहरानेही ते चालू दिलं, कारण तेव्हा ते शहराच्या सोयीचं होतं. दहा वर्षांत शहराची सोय बदलली.

सनीसाइड. हे बेटावरचं नाही, तरी यादीत हवं. शहराच्या पश्चिम किनाऱ्यावरचं करमणुकीचं उद्यान, १९२२ सालचं. १९५५ मध्ये ते पाडलं, किनाऱ्यावरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गासाठी. या मार्गाला नाव फ्रेडरिक गार्डिनर यांचं. टोरांटो आणि भोवतालच्या बारा नगरपालिका १९५४ पासून ‘मेट्रो’ नावाच्या एका छत्राखाली आल्या, तिचे ते पहिले अध्यक्ष. (मेट्रो म्हणजे इथे आगगाडी नव्हे, कारभार.) किनाऱ्यावरची मोकळी जागा रस्त्याने खाल्ली. तिची भरपाई कुठून तरी करायची होती. समोर बेटं दिसत होती. १९५६ मध्ये शहराने ती मेट्रोच्या हवाली केली आणि मेट्रोने ठरवलं, सगळं उद्यान.

मोटारींनी घेतलेल्या किनाऱ्याची भरपाई एकही मोटार नसलेल्या वस्तीकडून वसूल झाली. हा हिशोब मला आजवर पचलेला नाही.

भाडेपट्टा. सगळी गोष्ट या एका कागदाची आहे. बेटावरचं घर तुमचं, घराखालची जमीन तुमची नाही. जमीन १८६७ पासून टोरांटो शहराची, १९५६ पासून मेट्रोची. लोकांकडे मुदतीचे पट्टे. त्यामुळे मेट्रोला सुरुवातीला कुणाशी भांडायची गरजही पडली नाही. ज्याला जायचंय त्याने आत्ता जावं, ज्याची मुदत शिल्लक आहे त्याने ती संपेपर्यंत राहावं. कुणालाही एका रात्रीत रस्त्यावर काढलं नाही, असं मेट्रोला म्हणता येत होतं, आणि ते खरंही होतं. बऱ्याच पट्ट्यांवर शेवटचं साल होतं १९६८.

डागडुजी. पाडापाडी सुरू होण्याआधी जी गोष्ट जाते ती ही. टोरांटोच कशाला, ‘आज राहा, पण अखेरीस ही मोकळी जागा’ असा शिक्का ज्या वस्तीवर पडला तिथली हीच कथा. शिक्का पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. दूधवाला येतो, पोरं शाळेत जातात. पहिला बदल बँकेत होतो: मुदत ठरलेल्या जमिनीवरच्या घराला कर्ज मिळत नाही. कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून घराला किंमत नाही, आणि किंमत नसलेल्या घराचं छप्पर बदलायला पैसे कोण घालतो? पाच वर्षं उरली असतील तर माणूस दहा वर्षं टिकणारा रंग घेत नाही. तीन उरली की रंगच देत नाही. खिडकीच्या चौकटीत पाणी मुरतं, हिवाळ्यात ते गोठतं, गोठून फुगतं आणि लाकूड उभं चिरतं. पुढच्या हिवाळ्यात त्या चिरेत जास्त पाणी.

मग पडवीची पायरी. पायरी मोडली की आपल्या घरात आपण ती ओलांडायला शिकतो. पाहुण्याला आधी सांगतो, पुढे पुढे सांगायचंही विसरतो. पाहुणेही कमी होतात. शेजारचं घर जातं, त्याच्या पलीकडचं जातं. गिऱ्हाईक नाही म्हणून वाणी दुकान बंद करतो. वाणी नाही म्हणून उरलेल्यांतले दोघे निघतात. शाळेत एका वर्गात चार पोरं उरतात.

अगदी शेवटी साहेब येतो, वहीत लिहितो: ‘बांधकामं मोडकळीस आलेली.’ लिहिलेलं खोटं नसतं. ती तशी का झाली, यासाठी त्याच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो.

घरं. बुलडोझरने पाडली, काही जाळली. १९६० चं दशक संपेपर्यंत सेंटर आयलंड आणि पश्चिमेच्या हॅनलान्स पॉइंटवरचं घर म्हणून घर गेलं. पूर्वेला वॉर्ड्स आणि अल्गॉनक्विन या दोन बेटांवर अडीचशेच्या आसपास उरली.

चर्च. सेंट अँड्र्यू बाय द लेक. लाकडी, १८८४ सालचं. भोवतालची वस्ती उठत असताना १९५९ मध्ये ते आख्खं उचललं आणि दुसरीकडे नेऊन ठेवलं. अजून आहे, लग्नं लागतात.

सेंटरव्हिल. १९६७ साली सेंटर आयलंडवर पोरांसाठी एक जत्रा-उद्यान उघडलं. त्याची सजावट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका छोट्या ओंटॅरियो गावासारखी. बुटकी दुकानं, रंगीत दर्शनी भिंती, गावचा रस्ता. खऱ्या गावचा खरा रस्ता नुकताच पाडून झाला होता. आमची पोरं तिथल्या चक्रात बसली आहेत आणि आम्ही रांगेत उभे राहून त्याचे पैसे भरले आहेत, तेव्हा जास्त बोलत नाही.

यॉट क्लब. गेलेल्यांच्या यादीत शोधू नका. रॉयल कॅनेडियन यॉट क्लब १८८१ पासून बेटावर आहे आणि आजही आहे. सभासदांसाठी स्वतःची बोट, टेनिसची मैदानं, बाहेरच्यांना प्रवेश नाही. ‘सरोवराचा किनारा सर्वांचा’ या तत्त्वावर ६३० घरांचा विचार झाला, तो क्लबच्या फाटकापाशी येऊन थांबला. क्लबचीही जमीन भाड्याचीच. पण भाडेकरू भाडेकरूंत फरक असतो, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

किनारा सर्वांचा असावा हे मला मनापासून मान्य आहे. उन्हाळ्यात लाखो माणसं त्या बेटांवर जातात आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ना तळ्याकाठी बंगला, ना शिडाची होडी. टॅक्सी चालवणारे, कारखान्यात पाळी करणारे, कालपरवा विमानातून उतरलेले. त्यांना पाण्याशी जायला ही एक जागा आहे. सहाशे घरं राहिली असती तर आमच्या चटईला ती जागा मिळाली नसती, हेही मला कळतं. माझी तक्रार उद्यानाबद्दल नाही, वेचून केलेल्या उद्यानाबद्दल आहे.

विमानतळ. पश्चिमेचं टोक त्याच्याकडे आहे, १९३९ पासून. त्याच्यासाठी हॅनलान्स पॉइंटवरची बरीच वस्ती उठली. पण तेव्हा काही घरं तराफ्यांवर चढवून पाण्यातून अल्गॉनक्विन बेटावर नेली. खिडक्या-दारांसकट. पुढच्या पाडापाडीतून अल्गॉनक्विन वाचलं, त्यामुळे एकदा उठवलेली ती घरं टिकली आणि कधीच न हललेली गेली.

स्टेडियम. तेही हॅनलान्स पॉइंटवर होतं. ५ सप्टेंबर १९१४ रोजी बेब रूथ नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने व्यावसायिक बेसबॉलमधला आपला पहिला होमरन इथे मारला. चेंडू सरोवरात पडला, असं सांगतात. बेसबॉलमध्ये हा माणूस म्हणजे आपल्या क्रिकेटमध्ये कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ट्रिलियम. १९१० ची फेरीबोट, वाफेवर चालणारी, दोन्ही कुशींना मोठी चाकं. वस्ती ओसरू लागली त्या काळात, १९५७ मध्ये, तिला सेवेतून काढून बेटांमधल्या खाजणात बांधून ठेवलं. जवळजवळ वीस वर्षं ती तिथे कुजत होती. मग कुणाला तरी ती ऐतिहासिक वाटली. दुरुस्त करून १९७६ मध्ये पुन्हा पाण्यात उतरवली. बोटीला जेवढा काळ कुजू दिलं तेवढा घरांना मिळाला असता तर त्यांतलीही काही ऐतिहासिक ठरली असती.

शाळा. जिब्राल्टर पॉइंटची. बेटावरची मुलं कमी होत गेली, तसा १९६० पासून शहरातल्या मुलांना तिथे निसर्ग शिकवायला आणू लागले. पुढे शाळा नव्या इमारतीत गेली आणि जुनीत चित्रकार-लेखकांची राहण्या-काम करण्याची सोय झाली. इमारत वाचवायची असेल तर तिच्यात कलावंत भरावेत, हा जगभरचा उपाय दिसतो.

दीपगृह. शाळेपासून जवळच. १८०८ सालचं, दगडी. बांधलं तेव्हा पाणी हाकेवर होतं. आज शंभरएक मीटर लांब आहे; वाळू साचत गेली आणि किनारा पुढे सरकला. ही सगळी बेटंच मुळात वाळूची. पूर्वेच्या स्कारबरोच्या कड्यांची झीज होऊन वाहत आलेली. १८५८ पर्यंत तर हे बेटही नव्हतं, किनाऱ्याला चिकटलेली वाळूची जीभ होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वादळाने ती पूर्वेला तोडली. तेव्हा तिथलं एक हॉटेलही वाहून गेलं.

‘कृपया हिरवळीवर चालावे’. टॉमी थॉम्पसन यांची पाटी. मेट्रोचे पहिले उद्यान आयुक्त. जगभरच्या बागांत ‘हिरवळीवर चालू नये’ लिहितात, यांनी उलट लिहिलं आणि ती पाटी गाजली. माणूस खुल्या मनाचा होता, लोकांना स्वतः हिंडवून झाडं-पक्षी दाखवायचा. बेटावरची घरं उठवण्याची योजना राबवणाराही हाच. दोन्ही गोष्टी एका माणसात बसतात. निदान त्याच्या हिरवळीवर तरी कुणाला मज्जाव नव्हता.

विटा. वॉर्ड्स बेटाच्या पूर्वेला, खाडीपलीकडे, सरोवरात पाच किलोमीटर घुसलेली जमिनीची एक जीभ आहे. ही निसर्गाची नव्हे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरातलं पाडकाम तिथे आणून ओतलं: काँक्रीट, सळया, फरशा, विटा. बंदरासाठी आडोसा हवा होता. बंदराचा धंदा घटला, आडोशाचं काम उरलं नाही, आणि त्या ढिगाऱ्यावर आपोआप रान उगवलं. आता पक्षी बघायला लोक जातात.

पक्षी नसतील तेव्हा पायाखाली बघावं. पाण्याच्या कडेला विटा पडलेल्या आहेत. लाटांनी त्यांचे कोपरे खाऊन टाकलेत. काही पावासारख्या गोल, काही साबणाच्या वापरलेल्या वडीएवढ्या उरलेल्या. दोन विटा अजून चुन्याने एकमेकींना धरून आहेत आणि दोन्ही मिळून एकच गोटा झालाय. एखादीवर कारखान्याच्या शिक्क्याची दोन अक्षरं शिल्लक असतात. कुठल्या गल्लीतल्या भिंतीची, ते वीट सांगत नाही. बेटावरची घरं बहुतेक लाकडी. त्यांचं इथे काही असलंच तर चिमणीपुरतं.

या जागेला १९८५ मध्ये नाव दिलं, टॉमी थॉम्पसन पार्क.

पूल. वॉर्ड्सवरून अल्गॉनक्विनला जाणारा. २८ जुलै १९८० ला शेरीफची माणसं घरं खाली करण्याचे हुकूम घेऊन बोटीने आली. पुलावर बेटकरी उभे: म्हातारे, तान्ही पोरं घेतलेल्या बाया, वर्तमानपत्रवाले. त्याच वेळी वकील कोर्टात होते. शेरीफची माणसं हुकूम न बजावता परत गेली.

त्यामागे दहा-अकरा वर्षांची तयारी होती. रहिवाशांची संघटना १९६९ ची. १९७३ मध्ये टोरांटो नगरपालिकेनेच ठराव केला की वस्ती राहावी, पण जमीन आता मेट्रोची होती आणि मेट्रो मागे हटेना. शहर एका बाजूला, शहरांचं मंडळ दुसऱ्या बाजूला, वर प्रांताचं सरकार. पट्टे एक-एक वर्षाने वाढत होते. असं वर्षावर्षाने जगणाऱ्या माणसांनी घरं उभी ठेवली, पत्रकं काढली, कोर्टाचे हेलपाटे घातले. ‘डागडुजी’त वर जे लिहिलं ते इथे पूर्ण झालं नाही, ते या माणसांच्या चिवटपणामुळे. १९८१ मध्ये प्रांताने कायदा करून २००५ पर्यंत मुदत दिली. १९९३ मध्ये दुसरा कायदा आला: जमीन एका न्यासाकडे, रहिवाशांना ९९ वर्षांचे पट्टे.

घराची किंमत. बाजारभाव ही गोष्ट बेटावरून कायद्यानेच गेली. घर मुलांना, जोडीदाराला देता येतं. विकायचं तर किंमत कायद्याच्या सूत्राने ठरते आणि गिऱ्हाईक न्यासाच्या यादीतून येतं. यादीत ५०० नावं, त्याहून जास्त घेत नाहीत. वर्षाला एखाद-दुसरं घर मोकळं होतं. यादीतल्या चारशेव्या माणसाने गणित करू नये.

बाकीचं टोरांटो यावर नाक मुरडतं. सार्वजनिक जमीन, सरोवराचा देखावा, शहर पंधरा मिनिटांवर, आणि भाव बाजाराच्या कितीतरी खाली, यांनाच का? प्रश्न रास्त आहे. पण नफ्यासाठी विकता येत नाही अशी अडीचशे घरं या शहरात दुसरीकडे कुठे पाहायला मिळतात, हेही त्याच दमात विचारावं.

मिसिसागा. आम्ही राहतो त्या शहराला ज्यांचं नाव आहे ते लोक. ही वाळू त्यांची होती. १७८७ आणि १८०५ च्या ज्या व्यवहाराने टोरांटोची जमीन इंग्रजांकडे गेली त्यावरचा दावा २०१० मध्ये मिटला, १४.५ कोटी डॉलरला. बेटं आपण कधी दिलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. तंबूवाल्यांच्या आधीची ही नोंद. या यादीत ती फार खाली आली.

पाणी. २०१७ च्या वसंतात सरोवर एवढं चढलं की उद्यान जुलै संपेपर्यंत बंद ठेवावं लागलं. २०१९ मध्ये पाणी पुन्हा चढलं. बेटकऱ्यांनी वाळूची पोती रचली. मेट्रोचं काम सरोवर पुरं करणार, असा विनोद तेव्हा ऐकला. मेट्रो स्वतः १९९८ मध्येच विसर्जित झाली.

बर्लिंग्टन. याच सरोवराच्या पश्चिम टोकाला वाळूच्या पट्टीवरची वस्ती. तिथेही नकाशात ‘अखेरीस उद्यान’ लिहून झालेलं. कुणाला काढायचं नाही. मालक विकायला तयार झाला की सरकारने घ्यायचं, पाडायचं, गवत पेरायचं. वर्षानुवर्षं असंच एक-एक घर जात मोजकी उरली. दोन घरांच्या मधे एकदम चार घरांएवढं गवत लागतं. इथे कुठला पूल नाही, शेरीफ नाही, बातमी नाही. कुणी जबरदस्ती केली असंही म्हणता येत नाही. तुमचं घर फक्त एकच गिऱ्हाईक घेणार हे गावभर माहीत असताना विकायला ‘तयार होणं’ म्हणजे काय, एवढाच प्रश्न.

उरलेलं. वॉर्ड्स आणि अल्गॉनक्विनवर २६२ घरं. पट्टे २०९२ मध्ये संपतात. आज बेटावर जन्मलेलं पोर तेव्हा म्हातारं असेल आणि घराच्या छपराचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे २०८० च्या आसपास येईल.

आपल्याकडे. विकास आराखड्यात आरक्षण पडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहे. उद्यान, क्रीडांगण, मोकळी जागा असं लिहून ठेवलेल्या कितीतरी वस्त्या आहेत. निदान १९६६ च्या आपल्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे: दहा वर्षांत जमीन संपादन केली नाही तर नोटीस देता येते, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. ‘अखेरीस’ या शब्दाला तारीख लावणारं एवढं सरळ कलम बेटकऱ्यांच्या हाताशी नव्हतं. पण कलमाचा उपयोग शिक्का पडून गेल्यावरचा. तुमच्या गावचा प्रारूप आराखडा जाहीर होईल तेव्हा हरकती-सूचनांची मुदत मोजक्या दिवसांची असेल. त्या दिवसांत पालिकेत जा, नकाशावर आपली गल्ली शोधा आणि तिच्यावर हिरवा रंग असेल तर शेजारच्या क्लबवर कुठला आहे तेही बघून घ्या.